फोटोत नसलेली माणसं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. पडद्यावरची चित्रं इथे छापता आली नाहीत, पण त्यावाचून काही अडू नये.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'इंग्रजी बोलणाऱ्या देशांतली निसर्गरम्य ठिकाणं'. कारणही सांगितलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, आपण आता रिटायर झालो आहोत किंवा व्हायच्या बेतात आहोत, गुडघे अजून थोडेफार ऐकतात. तेव्हा कुठे जावं ते सांग, म्हणाले. वीस मिनिटं दिली आहेत. काल रात्रीच्या गाण्यांच्या भेंड्या बघता तुमच्यातले निम्मे जण दहाव्या मिनिटाला झोपणार, हेही मला माहीत आहे.

दहा देश आणि पन्नास ठिकाणं मी सांगणार नाही. त्याचं रंगीत पत्रक कुठलीही टूरवाली कंपनी घरपोच देते. मी चारच जागा सांगतो. चारही मी पायी हिंडलो आहे, आणि चारही ठिकाणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. फोटोत डोंगर असतो, पाणी असतं, ढग असतात, माणूस नसतो. तो का नसतो, याला प्रत्येक ठिकाणी निराळं उत्तर आहे.

सुरुवात सरांपासूनच करतो, कारण ते समोर बसले आहेत. नववीत सरांनी आपल्याला डॅफोडिल्सची कविता शिकवली. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्यावरच्या आवाजात मागच्या बाकांना काही ऐकू येत नव्हतं. डॅफोडिल कोणीच पाहिलेलं नव्हतं. सरांनी फळ्यावर पिवळ्या खडूने फूल काढलं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "सर, हा तर धोतरा!" (कोण ते मी सांगत नाही. तो आज पहिल्या रांगेत बसला आहे.)

त्या कवितेतला कवी एकटाच भटकतो आहे. पण वर्ड्सवर्थ त्या दिवशी एकटा नव्हता. तारीख होती १५ एप्रिल १८०२, जागा होती अल्सवॉटर नावाच्या तळ्याचा काठ, आणि बरोबर त्याची धाकटी बहीण डोरोथी होती. त्या दिवसाची नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली. वारा, पाणी, फुलांची काठाने गेलेली रांग, सगळं त्यात आहे. भावाने कविता लिहिली ती दोन वर्षांनी, आणि छापली १८०७ मध्ये. त्यातल्या दोन ओळी बायकोने, मेरीने, सुचवलेल्या. हे त्यानेच सांगून ठेवलं आहे. म्हणजे कवितेच्या पाठीशी दोन बायका आणि कवितेत एकटा पुरुष. आपल्या वर्गातल्या मुली हसताहेत. त्यांना नवीन वाटलं नसावं.

ते अल्सवॉटर लेक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात. माझी मुलगी मँचेस्टरला असते, तिथून आगगाडीने ऑक्सनहोमला उतरायचं, गाडी बदलून विंडरमिअर. पुढे ५५५ नंबरची बस अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकपर्यंत जाते. या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर त्या दिवशी दुसरं काही बघायची गरज नाही. डोंगर आपल्या सह्याद्रीपुढे बुटके. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर तिथेच आहे, स्काफेल पाइक, उंची ९७८ मीटर. आपला कळसूबाई त्याहून साडेसहाशे मीटरहून अधिक उंच. पाऊसही फार पडतो म्हणतात. सीथवेट म्हणून एक वस्ती आहे, तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, याचं त्या लोकांना मोठं कौतुक. महाबळेश्वरच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाने यावर काय बोलायचं? मी "हो का!" म्हणालो.

मग तिथे बघण्यासारखं काय आहे? मला विचाराल तर मेंढरं.

हसू नका. हर्डविक नावाची तिथली जात आहे. कोकरू जन्मतं तेव्हा काळं असतं, वय वाढेल तसं राखाडी होत जातं, तोंड मात्र पांढरं. ही मेंढरं उघड्या डोंगरावर चरतात. वर कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपापल्या भागातच राहतो. कसा? आई कोकराला आपली हद्द शिकवते. ते कोकरू मोठं होऊन आपल्या पिलाला शिकवतं. पिढ्यान्पिढ्या हे असंच चालत आलं आहे. शेत विकलं तर कळप बहुधा शेताबरोबरच जातो, कारण नवीन मेंढरं आणून सोडली तर त्यांना डोंगर माहीत नसतो. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि सरकारने लाखो जनावरं मारली. तेव्हा तिथल्या लोकांना धास्ती होती ती नुसत्या मेंढरांची नव्हे. ती गेली की डोंगराची ओळखही जाणार, आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

चुकार मेंढरू कोणाचं ते ओळखायला कानाला खूण आणि लोकरीवर रंगाचा पट्टा. या खुणांचं एक छापील पुस्तक १८१७ पासून निघत आलं आहे. जुने मेंढपाळ मोजायचे ते वन, टू, थ्री असं नाही. त्यांची मोजणी निराळी : यान, टान, टेथेरा. आपण इंग्रजीला घाबरून मोठे झालो आणि तिकडे इंग्लंडच्या मधोमध इंग्रजी आकडे न वापरणारी माणसं होती, याचा मला फार आनंद झाला.

तर त्या फोटोतले हिरवेगार उतार, दगडावर दगड रचून केलेल्या मैलोन्मैल भिंती, हे सगळं या मेंढपाळांनी केलं आहे. रान तसंच सोडलं असतं तर तिथे झाडी असती, आणि कवींना लांबवरचं काही दिसलंच नसतं. युनेस्कोने २०१७ मध्ये या भागाला जागतिक वारसा ठरवलं ते नैसर्गिक म्हणून नव्हे, सांस्कृतिक म्हणून. ऐंशीच्या दशकात इंग्लंडने अर्ज केला तेव्हा हे निसर्गात बसवावं की संस्कृतीत, हेच ठरेना. अशा जागांसाठी नवा वर्ग काढला गेला तो १९९२ मध्ये.

हे कळलेली एक बाई तिथे होऊन गेली. ससुल्या पीटरच्या गोष्टी लिहिणारी बिअ‍ॅट्रिक्स पॉटर. नातवंडांना तिची पुस्तकं तुम्ही वाचून दाखवली असतील. पुस्तकांच्या पैशातून तिने १९०५ मध्ये तिथे पहिलं शेत घेतलं, मग एकामागून एक घेत गेली, आणि स्वतः हर्डविक मेंढरं पाळली. म्हातारपणी मेंढपाळांच्या संघटनेने तिला अध्यक्ष म्हणून निवडलं होतं. ते पद घेण्याआधीच १९४३ मध्ये ती गेली. जाताना चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली. शेतं शेतंच राहावीत आणि त्यावर हर्डविकच चरावीत, अशी तिची इच्छा होती. वर्ड्सवर्थनेही १८४४ मध्ये विंडरमिअरच्या रेल्वेविरुद्ध वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली होती. पण त्यात एक सूर असा होता की गिरणीतल्या कामगारांना या सौंदर्यातलं काय कळणार. रेल्वे १८४७ मध्ये झाली, आणि तिनेच मी गेलो. या बाबतीत माझं मत रेल्वेच्या बाजूने.

आज मात्र तिथल्या कित्येक खेड्यांत घरं सुट्टीपुरती विकत घेतलेली आहेत. शनिवारी दिवे लागतात, मंगळवारी गाव अंधारात. मेंढपाळाच्या मुलाला स्वतःच्या गावात घर परवडत नाही. मी उतरलो ते घरही असंच होतं, भाड्याने दिलेलं. खिडकीतून दृश्य अप्रतिम होतं, शेजारी कोणी नव्हतं.

आता उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये. इथेही मेंढरंच आहेत, पण गोष्ट नेमकी उलटी आहे.

स्कॉटिश हायलंड्समध्ये तुम्ही जाल तेव्हा टूरवाले दोन गोष्टी दाखवतील. एक ग्लेन्को, आणि दुसरी ग्लेनफिनन. ग्लेनफिननला तो एकवीस कमानींचा रेल्वेचा पूल, ज्यावरून हॅरी पॉटरची गाडी जाते. नातवंडं बरोबर असतील तर ती सोडणार नाहीत. ग्लेन्को खरोखर छाती दडपवणारं आहे. पण मी म्हणेन, एक दिवस काढून आणखी वर जा, सदर्लंडमधल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात. नदी, गवत, लांबवर तपकिरी डोंगर. तासभर चाललं तरी कोणी भेटत नाही. आपल्याबरोबरचे लोक म्हणतात, "वा, काय शांतता आहे!"

ती शांतता मुद्दाम केलेली आहे. या खोऱ्यात वाड्या होत्या, गेलिक भाषा बोलणारी कुळं होती. जमीन सदर्लंडच्या काउंटेसची. दक्षिणेकडच्या मोठ्या मेंढ्यांची लोकर आणि त्या कुरणाचा मक्ता यांतून कुळांच्या खंडापेक्षा पुष्कळ जास्त पैसा मिळणार होता. मग कुळं उठवली. १८१४ मध्ये पॅट्रिक सेलर नावाच्या इस्टेटीच्या कारभाऱ्याने लोकांना घराबाहेर काढलं. लोक परत येऊ नयेत म्हणून छपराचे वासे जाळले गेले. त्या प्रदेशात झाडं कमी, वासा गेला की घर पुन्हा उभं राहत नाही. सेलरवर १८१६ मध्ये खटला झाला, तो निर्दोष सुटला, आणि त्याच खोऱ्यात मेंढ्यांचा मोठा शेतकरी झाला. रोझल नावाच्या वाडीचे चौथरे आजही आहेत. गुडघ्याएवढे दगड, आत गवत. कुठे माणसं राहत होती, कुठे गुरं, ते फलक वाचत वाचत कळतं.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये मेंढरांनी माणसं टिकवली आणि इथे मेंढरांसाठी माणसं उठवली. जनावर तेच, जमीन कोणाच्या नावावर होती, एवढाच फरक.

मी त्या चौथऱ्यावर बसलो तेव्हा मला आपल्या वर्गातला एक जण आठवला. त्याचं नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. त्याच्या वडिलांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तो जन्मायच्या आधीच ते गेलं. सहावीत भूगोलाच्या बाईंनी प्रत्येकाला आपल्या गावाचा नकाशा काढून आणायला सांगितलं होतं. त्याने निळ्या रंगाने सगळा कागद भरला. बाईंनी काही न बोलता त्याला पूर्ण गुण दिले. बाई, तुमच्या लक्षात आहे की नाही माहीत नाही, आमच्या आहे. आज तापोळ्याला लोक बोटीत बसून 'मिनी काश्मीर' म्हणतात. म्हणू देत, ते पाणी सुंदर आहेच. पण आपल्या तुकडीतल्या माणसाने तरी बोटीतून उतरताना एकदा विचारावं, खाली काय आहे.

हायलंड्समधून उठवलेल्यांपैकी पुष्कळ जण जहाजांनी कॅनडाला गेले. केप ब्रेटन बेटावर गेलिक गाणी अजून म्हटली जातात, आणि समुद्राच्या कडेने कॅबट ट्रेल नावाचा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता आहे, फार देखणा म्हणतात. तो मी पाहिलेला नाही, म्हणून चारांत धरत नाही. पण ती जमीनही रिकामी नव्हती, मिकमॉ लोकांची होती. उठवलेल्यांनी जाऊन दुसऱ्यांच्या जागी घरं बांधली. या गोष्टीत सरळ बाजू घ्यायला फारशी जागा मिळत नाही.

तिसरी जागा अमेरिकेतली योसेमिटी. कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं आहेत त्यांना मुलं नेतातच. एल कॅपिटन नावाचा कडा दरीच्या तळापासून साधारण नऊशे मीटर सरळ उठतो. धबधबा ७३९ मीटरचा. एक व्यवहाराची सूचना : मे-जूनमध्ये जा. ऑगस्टनंतर तो धबधबा बहुतेक आटतो, आणि मुलांना सुट्टी मिळते म्हणून ऑगस्टच्या शेवटी गेलेली मंडळी कोरडा दगड बघून येतात.

या दरीत गोऱ्या लोकांचं पथक पहिल्यांदा मोठ्या संख्येने शिरलं ते १८५१ मध्ये, आणि ते दृश्य बघायला आलं नव्हतं. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या वाटेतून तिथल्या अहवानीची लोकांना हुसकून लावायला आलं होतं. त्यांच्या मुखियाचं नाव तेनाया. पथकातल्या बनेल नावाच्या माणसाने एका तळ्याला तेनायाचं नाव दिलं आणि मोठ्या सन्मानाने ते त्याला सांगितलं. तेनाया म्हणाला, त्या तळ्याला नाव आहे. हे बनेलनेच लिहून ठेवलं आहे. नकाशावर आजही तेनाया लेक आहे, आणि पाणी इतकं नितळ की त्यावर राग धरवत नाही.

पुढे १८६४ मध्ये लिंकनने ही दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, १८९० मध्ये आजूबाजूचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पण ज्यांनी दरीचं कौतुक केलं त्यांना एक गोष्ट उशिरा उमगली. बागेसारखी मोकळी मैदानं आणि त्यांत उभे ओक, ही निसर्गाची करणी नव्हती. ते लोक ओकची फळं दळून खायचे. म्हणून ठरावीक काळाने गवताला आग लावून सूचिपर्णी झाडांची रोपं वाढू द्यायचे नाहीत. माणसं गेली, आग बंद झाली, आणि पाइन-सीडरची दाटी होऊन मैदानं आक्रसली. आता उद्यानाचेच लोक मोजूनमापून आगी लावतात. आपल्या गावाकडे भाजावळ करणाऱ्याला हे दोन वाक्यांत समजेल. दरीतल्या शेवटच्या इंडियन वस्तीतली घरं १९६९ मध्ये अग्निशमनाच्या सरावासाठी जाळली गेली. अलीकडे त्याच जागी त्यांच्या वंशजांनी पुन्हा बांधकाम सुरू केलं आहे.

चौथी जागा ऑस्ट्रेलियातली, आणि या एका जागेसाठी मी उरलेली तिन्ही सोडून देईन.

उलुरू. सपाट लाल वाळवंट, आणि त्यात एकच खडक : जमिनीपासून ३४८ मीटर उंच, घेर नऊ किलोमीटरहून जास्त. सिडनीहून विमानाने साडेतीन तास. १८७३ मध्ये एका सर्वेक्षकाने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य सचिवाचं नाव देऊन त्याचा एअर्स रॉक केला; आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत हेच नाव असायचं. अनांगू लोक हजारो वर्षं त्याला उलुरूच म्हणत आले. २६ ऑक्टोबर १९८५ ला ती जमीन कायद्याने अनांगूंना परत मिळाली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानाला दिली. उद्यानाच्या मंडळावर बहुमत त्यांचं.

त्यांचं एक म्हणणं फार जुनं होतं : खडकावर चढू नका. ही आमची पवित्र वाट आहे, आणि तुम्ही घसरून मेलात तर दुःख आम्हाला होतं. पस्तीसहून जास्त माणसं तिथे मेली आहेत. वर जाणाऱ्या पर्यटकांच्या रांगेला ते 'मिंगा' म्हणायचे, म्हणजे मुंग्या. अनेक वर्षं नुसती विनंतीच होती, बंदी नाही. शेवटी २०१७ मध्ये मंडळाने ठराव केला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, बरोबर चौतीस वर्षांनी, चढणं बंद झालं. शेवटच्या महिन्यांत झुंबड उडाली. बंद व्हायच्या आत एकदा वर जाऊन यायचं म्हणून लोक पहाटेपासून रांगेत.

मी बंदी झाल्यावर गेलो. आमच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले, "चढायचं नाही तर इतकं लांब येऊन करायचं काय?" करायचं असं की सकाळी लवकर निघून खडकाला प्रदक्षिणा घालायची. वाट दहा-साडेदहा किलोमीटरची, पूर्ण सपाट. काही भागांत पाटी आहे : इथे फोटो काढू नका. त्या जागा काही बायकांच्या, काही पुरुषांच्या, आणि तिथल्या गोष्टी तिथेच सांगायच्या असतात. आमच्या गटात इंग्लंडचे, जर्मनीचे लोक होते, त्यांना हे समजावून द्यावं लागत होतं. हिला आणि मला नाही लागलं. गाभाऱ्यात कॅमेरा नेत नाहीत, एवढं आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्या दोनेकशे मीटरांचा माझ्याकडे एकही फोटो नाही, आणि सबंध सहलीतला तोच भाग मला डोळे मिटून दिसतो.

तिथल्या केंद्रात एक वही ठेवलेली असते. पर्यटकांनी आठवण म्हणून उचलून नेलेले दगड आणि मूठमूठ लाल माती वर्षानुवर्षं टपालाने परत येतात, बरोबर माफीची पत्रं. त्यातली काही त्या वहीत लावली आहेत. परत आलेल्या दगडांची मूळ जागा शोधणं शक्य नसतं. तरी ते घेतले जातात.

वीस मिनिटं संपली, भटारखान्यातून हातवारे चालू आहेत. तेव्हा कामाचं तेवढं सांगतो. उलुरूला मे ते सप्टेंबरमध्ये जा. डिसेंबरात ऊन चाळिशीला जातं आणि वाटेचे काही भाग सकाळीच बंद करतात. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला जाळी, कारण माशा नाकातोंडात जातात. स्ट्रॅथनेव्हरला जायचं तर स्वतःची गाडी लागते, आणि खायचं बरोबर न्यावं. लेक डिस्ट्रिक्टला एप्रिलच्या मध्याला जा. डॅफोडिल्स असतात आणि हर्डविकची काळी कोकरंही त्याच सुमारास जन्मतात. ५५५ च्या थांब्यांचा कागद मी आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी जेवताना माझ्याकडून घ्या. सर, तुमच्यासाठी मोठ्या अक्षरांत छापून आणला आहे.